रुसलेली मेंढी

"मेंढरं गाडीत घेत न्हाईत, बाबा. उतरा खाली," कंडक्टर भुजंग म्हणाला.

उमाजी उतरला नाही. राणीसावरगावला गाडी कशीबशी थांबली होती. तेवढ्यात म्हातारा-म्हातारी दोघं चढून मागच्या बाकावर बूड टेकवून मोकळी झाली. केवळाबाईच्या पोटाशी घोंगडी होती आणि घोंगडीच्या फटीतून पांढरी लोकर डोकावत होती.

"मेंढरं कुठं, सायेब? एवढंस्सं पिल्लू. म्हातारीच्या मांडीवरनं हलायचं बी न्हाई."

"आन् घाण केली म्हंजे? मी पुसू व्हय?"

"कालपरवाचं हाय. त्ये खातंय काय आन् करतंय काय!"

गाडी हसली. हसायला काहीतरी निमित्त हवंच होतं. विद्यापीठाच्या नामांतरावरून सगळा मुलूख पेटला होता, बंद पडलेल्या गाड्या आज कुठं सुरू झाल्या होत्या. रस्त्याकडंला जळकी वस्ती दिसली की खिडकीतली माणसं माना फिरवत, जणू न बघितलं म्हणजे झालंच नाही. भुजंगलाही हुज्जत नको होती. त्यानं घंटी ओढली.

"एवढ्या दंग्यात पिल्लू घेऊन कुठं निघालाव, बाबा?" शेजारच्या गीताबाईनं विचारलं. दुसऱ्याच्या पदरात काय आहे ते कळल्याशिवाय या बाईला घास गोड लागत नसे.

"लेकीकडं. जिल्ह्याच्या शिवंपल्याड," उमाजी म्हणाला. "ह्याची माय गेली. तिच्याकडं एक मेंढी हाय, आमच्याकडनंच नेलेली. नेण्याआधी आमच्याच दारात तिचं पिल्लू मेलं. कास दुधानं तटतटलीय, पर कुणाला जवळ येऊ देईना, चाऱ्याला तोंड लावंना. रुसलीय. हे तिला लावलं तर दोन जीव वाचत्याल. न्हाईतर दोन्ही बी जात्याल."

"परकं पिल्लू घेईल व्हय ती?"

"मेलेल्याचं कातडं पांघरवायचं त्याला. तिच्या पिल्लाचं जपून ठेवलंय आमी. एकदा हुंगलं की घेती बघा. मेंढी कुणाचं, कुठलं, काई इचारीत न्हाई."

"अगं बाई! लयच हुशारी की ही."

घोंगडीतून बारीक आवाज आला. उमाजीनं लगेच "ब्यॅऽऽ" केलं, ते इतकं हुबेहूब की पुढच्या बाकावरची माणसं वळून खिदळली. केवळाबाईनं शेळीच्या दुधात भिजवलेला बोळा घाईघाईनं आत सरकवला. आवाज थांबला.

"लेकरावाणीच रडतंय की ओ," गीताबाई म्हणाली.

"माय गेल्यावर लेकरू काय आन् कोकरू काय, बाई."

केवळाबाईचे डोळे भरून आले. गीताबाईला नवल वाटलं. एका पिल्लापायी एवढं रडू? धनगराचा जीव मेंढरात असतो म्हणतात ते खोटं नाही, असं मनाशी म्हणत तिनं पानाची चंची उघडली.

जिल्ह्याची शीव जवळ आली आणि गाडी गचकन थांबली. रस्त्यात बाभळीचं खोड आडवं टाकलेलं होतं. काठ्या-कुऱ्हाडी घेतलेली माणसं उभी होती. डोक्याला रुमाल बांधलेला एकजण दणादणा वर चढला.

"सितारामच्या घरचं कुणी हाय का गाडीत? मोर्च्यात लय पुढं पुढं करत व्हता त्यो. घर जाळलं, तरी एकजण सुटलं म्हणत्यात."

"सगळी रोजचीच मंडळी हायती, दादा," भुजंग कसाबसा बोलला. मघाची त्याची मिजास कुठल्या कुठं गेली होती. रुमालवाला एकेकाचं नाव-गाव विचारत मागं आला.

"तू रं, म्हाताऱ्या?"

"उमाजी. धनगर हाव, मालक."

"घोंगडीत काय दडवलंय?"

"पिल्लू हाय. माय मेलेलं."

रुमालवाल्यानं सरळ आत हात घातला. हाताला ओलं, मीठ चोळलेलं कातडं लागलं. आतून एकदम रडणं उठलं, तसा उमाजी "ब्यॅऽऽ, ब्यॅऽऽ" करत सुटला. म्हातारा घामानं निथळत होता, पण तोंड काही थांबेना. ओढाताणीत घोंगडी गीताबाईच्या बाजूनं सरकली. तिनं चटकन आपला पदर त्यावर ओढला.

"वारं लागतंय त्याला, दादा. मरंल की! कशाला पाप घेतूस डोस्क्यावर?"

"थू! काय वास मारायलाय!" रुमालवाल्यानं हात उमाजीच्याच धोतराला पुसला. "गप बस ए, येड्या. मेंढरात राहून मेंढरूच झालाय."

खोड बाजूला झालं, गाडी हलली. भुजंगनं कपाळाचा घाम पुसला. गीताबाईनं मात्र आपला पदर काढला नाही, आणि उतरेपर्यंत एक अक्षर विचारलं नाही. उतरताना तिनं केवळाबाईचा हात घट्ट दाबला.

ऊन कलता कलता दोघं लेकीच्या दारात पोचली. बानू ओसरीवर भिंतीकडं तोंड करून बसली होती. आईबापाची चाहूल लागली तरी तिनं मान वळवली नाही. पुढं वाढलेली भाकरी तशीच होती आणि चोळी दुधानं भिजली होती. केवळाबाईनं घोंगडी सोडली, कातडं दूर फेकलं, कनवटीचं आपल्या गेलेल्या नातवाचं न धुतलेलं अंगडं काढून सितारामच्या तान्ह्या लेकीला घातलं आणि तिला बानूच्या मांडीवर ठेवलं.

बानूनं वाकून अंगडं हुंगलं.