दाराची आतली बाजू

"ह्याला घर म्हणत्यात व्हय रं?" बनुबाईनं उंबऱ्यातच नाक मुरडलं. "ह्या टोकाचं माणूस त्या टोकाच्या माणसाशी बोलायचं म्हटलं, तर फोन लावाय लागंल."

शिवतेज हसू दाबून उभा राहिला. आईची रीत त्याला ठाऊक होती. म्हैस घ्यायला बाजारात गेली, तरी ती आधी म्हशीला नावं ठेवायची. दात बघायची, कास चाचपायची, शेपटी उचलायची. मालक पार रडकुंडीला आला, की मगच कासऱ्याला हात घालायची. घरही ती तसंच बघत होती.

कुंडलच्या बाहेर, चारी अंगांनी ऊस आणि मधोमध हा दुमजली बंगला. आठ खोल्या, चकचकीत फरशी. गेटवर पितळी अक्षरांत नाव, 'आईची पुण्याई'. शिवतेज पुढच्या वर्षी फौजेतून पेन्शनीवर येणार होता. बायको संयोगिता पलूसच्या शाळेवर मास्तरीण. सगळ्यांना एका छपराखाली आणायचं तर हेच घर, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. पण बनुबाई 'हूं' म्हणत नाही, तोवर त्यांच्या घरात वाटीही जागची हलत नसे.

"काय दावायचं ते बिगी बिगी दावा," ती मालकाला म्हणाली. "घरी सासू एकलीच हाय माझी." आणि तिनं कनवटीला खोचलेली किल्ली चाचपली.

मालक जयराज आता सांगलीला, विश्रामबागेत फ्लॅटमध्ये राहायला गेला होता. तो पुढं होऊन खोल्या दाखवू लागला.

देवघराला लागून संडास बघून तिनं पदर नाकाला लावला. "देवानं नाक धरून बसायचं काय रं?" खिडक्यांच्या बंद काचांवर बोट वाजवलं. "ह्यात माणसं ठिवायची का लोणचं?" मोरीच्या फरशीला हात लावला आणि तो उगाचच तीनदा पदराला पुसला. जयराज कसनुसा हसत होता. त्या बिचाऱ्याला काय माहीत, वरच्या उगवतीच्या खिडकीखाली बाईंनी मनातल्या मनात आपली बाज टाकूनही झाली होती!

राहिली ती मागची खोली. अंगणापलीकडं, पाण्याच्या टाकीला लागून, वाळीत टाकल्यासारखी. दाराला ताजा रंग. कडी बाहेरून.

"हितं काय ठिवत हुता?"

"काय न्हाई मावशी. कुत्रं हुतं आमचं," जयराज घाईघाईनं म्हणाला.

बनुबाई आत शिरली. म्हशीची शेपटी उचलून बघणारी बाई ती, दाराची मागची बाजू बघितल्याशिवाय कशी राहील? तिनं दार आतून ओढून लावलं. नव्या रंगाखाली ओरखडे होते. खाली नव्हते, छातीच्या उंचीला होते. वरून खाली ओढलेले, एकावर एक. फळ्यांच्या फटीत बांगडीच्या काचेचा बारका तुकडा अडकला होता.

तिचं तोंड वाकडं झालं. आता ते सौद्याचं नव्हतं. दार उघडून ती बाहेर आली.

"तुझं कुत्रं बांगड्या घालत हुतं व्हय रं?"

जयराजची मान खाली गेली. "आई हुती, मावशी. शेवटी शेवटी तिला काय उमजत नव्हतं. उठली की उसात शिरायची. दोनदा रातभर हुडकली गावानं. आमी तरी काय करायचं? तुमच्यात न्हाई का कोण म्हातारं?"

"हाय की! नव्वदीची सासू हाय. दोन टायमाला ऊनऊन भाकरी दुधात चुरून घालती मी तिला. आन तू? म्होरं गेटावर आईची पुण्याई, आन माघारी आईला कडी! थू तुझ्या जिनगानीवर!" ती खरंच थुंकली. "चल रं शिवतेज. ह्या घरात मी पाण्याचा घोट घ्यायची न्हाई."

कराड येईपर्यंत तिच्या तोंडाचा पट्टा चालू होता. असली लेकरं पोटी येण्यापरास वांझोटी बरी. बंगल्याला लागलेली घाण रंगानं जात नसती. शिवतेज गाडी चालवत होता. एकदा त्याची नजर आईच्या कनवटीकडं गेली. मग त्यानं परत रस्त्याकडं बघितलं.

उंब्रजला पोचले तेव्हा उन्हं कलली होती. बनुबाई तशीच परड्यातल्या खोलीकडं गेली. तीन वर्षांमागं सासू भर हायवेवर जाऊन उभी राहिली होती. ट्रकवाल्यानं ब्रेक दाबला म्हणून वाचली. त्या दिवसापासून कोणी घरी नसलं, की हे कुलूप. म्हातारीच्याच भल्यासाठी.

तिनं कुलूप काढलं, दार ढकललं. रोजच्यासारखं ते आतल्या भिंतीला जाऊन टेकलं. तीन वर्षं ते असंच टेकत होतं. त्याची आतली बाजू कायम भिंतीकडं. ती कधी तिच्या डोळ्यांपुढं आलीच नव्हती.

बनुबाई उंबऱ्यात थबकली. मग आत गेली. भिंतीपासून दार ओढलं आणि आतून लावून घेतलं.

छातीच्या उंचीला.

ती दारापाशीच खाली बसली. खाटेवरून म्हातारी उठली. भिंत धरत धरत आली, वाकली, आणि सुनेच्या डोक्यावरून हात फिरवत हळूच म्हणाली,

"तुला बी कोंडलं व्हय गं पोरी?"