शाईचे डोळे

"बाबा, हे काय करून ठेवलंत?" मी कपाळावर हात मारला. हॅलोविनची, भुतांची सोंगं घेतलेली पोरं दारात थडकणार होती आणि गरम कोकोचं टेबल अर्धवटच होतं. आई गेल्यापासून सजावट माझ्याच गळ्यात. कागदाची वटवाघळं मी कापली, कपांना ममीसारख्या पांढऱ्या पट्ट्या मी गुंडाळल्या. बाबांकडे एकच काम: कोकोत सोडायच्या मार्शमेलोवर, त्या पांढऱ्या मऊ गोळ्यांवर, डोळे काढून भुतं करायची. त्यांनी चक्क मार्करने काढले! "पोरांना शाई पाजायची का?" "तुझी आई अशीच काढायची," बाबा फणकारले. "चॉकलेट वितळवून, बाबा! काडीने!" बाबा मार्करला टोपण लावत म्हणाले, "माझ्या कपात ती दरवेळी एक भूत सोडायची. मला वाटायचं, शाईच आहे. तिला वाईट नको वाटायला, म्हणून रुमालात लपवायचो." मी चॉकलेट वितळवलं, डोळे रेखाटले आणि पहिलं भूत त्यांच्या कपात सोडलं. "हे रुमालात गेलं, तर याद राखा!"