टाका चुकला

"इतकी जल्दी करू नको बाई, शाल झाली की तू माझ्या दाराकडं बघायची न्हाईस," उषाबाईंनी बजावलं, आणि मी हसले. वाटूरच्या शाळेतून निवृत्त झालेल्या या शिवणाच्या बाई आमच्या शेजारी एकट्याच राहायच्या. नणंदेच्या बाळाला द्यायला मी त्यांच्याकडून जाळीची शाल विणायला शिकत होते. रोज दुपारी मुलीला सुयांपासून लांब निजवून मी बसले, की त्या माझं विणकाम डोळ्यांशी धरायच्या. "हितं टाका चुकला. उसव."

महिनाभर मी उसवत राहिले. एकदा घरी येऊन टाके मोजले, तर सगळे बराबर. मला राग आला. उरलेली शाल घरीच चार दिवसांत पुरी केली आणि त्यांच्याकडे पुन्हा गेलेच नाही.

मग ह्यांची मंठ्याला बदली झाली. इथे दाराची कडी कुणी वाजवत नाही. मुलगी झोपली की मी चांगली विणलेली ओळ उसवते आणि पुन्हा विणते. उषाबाईंना तीन कार्डं टाकली, उत्तर नाही.

तुमच्यापैकी कुणी वाटूरला उतरलंच, तर त्यांच्याकडे डोकावून या. सोबत लोकर न्या, आणि विणता येत असलं तरी येत नाही म्हणा.