सकाळी सहाचं काम

मंगळवारी पावणेसहाला गुणाजींनी चपला पायात सरकवल्या आणि मेघनाने दार अडवलं.

"रिटायर होऊन दोन वर्षं झाली, बाबा. अजून त्या लॅबची चाकरी कसली?"

"चाकरी कसली गो? देवाक दिवो लावून येतंय."

"दिवा त्यांना लावता येत नाही? तुमच्या छातीत दोन स्टेंट आहेत. विसर्जनाच्या दिवशीसुद्धा गर्दीतून वाट काढत गेलात. फुकट राबवून घेतायत तुम्हाला."

गुणाजी नुसते हसले. लालबागच्या त्या पॅथॉलॉजी लॅबचा काउंटर त्यांनी बावीस वर्षं सांभाळला होता. मेघनाचं पहिलं कामही तिथलंच. चार वर्षांपूर्वी, कॉलेज संपताच, तिने लॅबच्या डॉक्टर हेरंबना एक सोय करून दिली होती. सकाळी सहाला मागच्या खोलीतल्या कम्प्युटरवर रिपोर्टचा प्रोग्रॅम आपोआप उघडायचा आणि आदल्या दिवसाचे सगळे रिपोर्ट छापायचा. कोणी समोर बसायची गरज नाही. सातला पेशंट येईपर्यंत गठ्ठा तयार. त्या कामाचं नाव झालं आणि त्याच जोरावर तिला आताची नोकरी लागली.

"एक विचारू?" गुणाजी उंबऱ्यात थांबले. "कम्प्युटरवर कोणी लॉगिनच केलेलं नसेल, तर ती प्रोग्रॅमची खिडकी उघडते कुठे?"

"ते आपलं मागच्या मागे चालतं, बाबा. तुम्हाला नाही कळायचं."

"तां पण खरां," ते म्हणाले आणि जिना उतरले.

बुधवारी त्याच वाटेवर, चिंचपोकळीच्या पुलावर, ते कोसळले. हॉस्पिटलने दिलेल्या पिशवीत चष्मा, रुमाल आणि लॅबची चावी होती.

चौदाव्या दिवशी मेघनाने ती चावी डॉक्टर हेरंबच्या टेबलावर आपटली.

"घ्या. तुमचा दिवा लावणारा गेला."

"मेघना, बस आधी."

"बसायला नाही आले. हृदयाचा पेशंट, अडुसष्ट वर्षांचा माणूस, रोज सकाळी सहाला तुमच्या दारात. लाज नाही वाटली?"

"मी दोनदा चावी परत मागितली होती. ते द्यायलाच तयार नव्हते."

"आता तर काय, मेलेल्या माणसावर ढकलणं सोपं!"

बाहेर बाकावरचे पेशंट वळून बघू लागले. काउंटरवरची सुरुची आत आली. "खरंच, ताई. काका म्हणायचे, तेवढा दिवा तरी लावू द्या. आम्ही आठला येतो, तोवर ते घरी परतलेले असायचे. पेशंट स्वतःच गठ्ठ्यातून आपापला रिपोर्ट उचलून न्यायचे."

डॉक्टरांनी घसा साफ केला. "ही वेळ नाही, कळतंय मला. पण तुझा प्रोग्रॅम बंद पडलाय. दोन आठवडे आम्ही हाताने रिपोर्ट लिहितोय. लोक शिव्या घालतायत."

मेघनाचा आवाज चढला. "बाप गेलाय माझा आणि तुम्हाला रिपोर्टची पडलीय? चार वर्षांत एक दिवस खंड नव्हता त्या कामात! तुमच्याच कोणीतरी हात घातला असणार. थांबा, आत्ता दाखवते नाव काढून."

ती तरातरा मागच्या खोलीत गेली. सुरुची आणि डॉक्टर पाठोपाठ आले. कम्प्युटर रोजची नोंद आपोआप ठेवत होता. ती पानं तिने आजवर कधीच उघडून बघितली नव्हती. काम व्यवस्थित चालू असल्याचंच सगळीकडून तिच्या कानावर येत होतं.

बाबांच्या शेवटच्या मंगळवारची नोंद. सहा वाजता: कोणी लॉगिन नाही, स्क्रीन सापडली नाही, प्रोग्रॅम बंद. सहा वाजून अकरा मिनिटं: गुणाजी लॉगिन, प्रोग्रॅम सुरू, एकशे चार रिपोर्ट छापले.

सोमवार. सहा वाजता: स्क्रीन सापडली नाही. सहा तेरा: गुणाजी लॉगिन.

तिने मागे मागे जायला सुरुवात केली. विसर्जनाचा दिवस: सहा पन्नास, गुणाजी. मागचं वर्ष. त्यामागचं. अगदी पहिल्या पानावर, ती कामाची चाचणी घेऊन घरी गेली त्याच्या दुसऱ्या सकाळी: स्क्रीन सापडली नाही. आणि सात वाजायला पाच मिनिटं असताना, गुणाजी.

"कोणी बिघडवला, ताई?" सुरुचीने विचारलं.

बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मेघना म्हणाली, "माझं चुकलं, बाबा. माझा प्रोग्रॅम आपोआप एक दिवसही चालला नव्हता."