दर पाचवी खाट

“पोरी, या चार नंबरवाल्याला दोनदा मोज. चांगला दोघांइतका आहे,” पाचव्या खाटेवरचे आजोबा म्हणाले.

नर्सिंगची विद्यार्थिनी गोरीमोरी झाली. तिच्या प्रकल्पाचा विषय अगदी साधा होता: रुग्णांची झोप. तीस खाटांचा, स्त्री-पुरुष एकत्र असलेला वॉर्ड. दर सोमवारी दर पाचव्या खाटेपाशी थांबायचं, संमतीची सही घ्यायची, सहा प्रश्न विचारायचे. माणसं आपल्या मर्जीने निवडायची नाहीत, ही शास्त्राची अट. पहिल्या सोमवारी सहा जणांना विचारलं. शनिवारपर्यंत सहाही खाटा रिकाम्या झाल्या. घरी कोणीच गेलं नव्हतं. दुसऱ्या सोमवारच्या सहा जणांनी शनिवारचीही वाट पाहिली नाही.

आज तिसरा सोमवार. फॉर्म कोरेच घेऊन ती मार्गदर्शक मॅडमकडे धावली. तीस फॉर्म भरले नाहीत तर तिचं वर्ष बुडणार होतं.

“छत्र्या उघडल्या म्हणून पाऊस पडतो का गं?” मॅडमनी विचारलं.

“नाही, मॅडम.”

“मग? एकामागून एक घडलं म्हणजे एकामुळे एक घडलं असं नव्हे. आणि बारा हे काय सॅम्पल झालं? तीस कर, मग बोलू.”

ती परतली. आजोबा शिकलेले होते. चारचौघांत भित्रे दिसायला नको म्हणून त्यांनी झोकदार सही केली. बुधवारी त्यांची गादी उन्हात टाकली होती.

चौथ्या सोमवारी मॅडम स्वतःच वॉर्डात होत्या. आदल्या संध्याकाळी दाखल झालेल्या, पंधराव्या खाटेवर. साधा ताप. दोन दिवसांत सोडणार होते. विद्यार्थिनी फॉर्म घेऊन समोर उभी राहिली. शेजारच्या चौदा आणि सोळा नंबरवाल्यांनी माना वळवल्या. त्यांना आता या अभ्यासात फारच रस वाटू लागला होता.

मॅडमनी हसत पेन घेतलं. आडनावापर्यंत आल्या आणि हात थांबला.

“अगं,” त्या हळूच म्हणाल्या, “मला दुसरी एखादी रिकामी खाट मिळते का, बघ ना. इथे पंख्याचा वारा फार लागतो.”

पंखा बंद होता. विद्यार्थिनीने एकदा वॉर्डभर नजर फिरवली.

“आहेत ना, मॅडम,” ती म्हणाली. “पाच, दहा, वीस, पंचवीस आणि तीस.”