पहिल्या आलेल्याची गाइडं

प्रवेश परीक्षेची गाइडं कोरी आणायची नाहीत, गेल्या वर्षी पहिल्या आलेल्या मुलाचीच आणायची, असं बाबांनी डोक्यात घेतलं होतं. कुणाकडून तरी पत्ता काढला आणि मला घेऊन ते थेट त्याच्या घरी जाऊन थडकले.

त्याच्या आईनं कपाट उघडून दिलं. "हवी ती घ्या."

बाबा एकेक गाइड चाळू लागले. पानोपानी हिरव्या शाईच्या खुणा. "बघ, ह्याला म्हणतात अभ्यास!" त्यांनी मला कोपरानं ढोसलं. मग त्या बाईंना म्हणाले, "मुलगा कॉलेजात रमला ना? हिला फोनवर चार गोष्टी सांगेल का?"

"निकालापर्यंत थांबलाच नाही हो तो," त्या म्हणाल्या. "नापासच होणार, असं मनात घेऊन बसला, आणि जीव दिला."

मी बाबांची बाही ओढली, चला म्हणून. ते हळहळले. "फार वाईट झालं," म्हणाले. हातातलं गाइड त्यांनी परत कपाटात ठेवलं. मग आवाज अगदी खाली आणून त्यांनी विचारलं,



"ह्यातलं त्याला जास्त कामाला आलेलं कुठलं?"