बदलून घेणाऱ्यांची रांग

आमच्या आइसलँडमध्ये नाताळच्या संध्याकाळी एकमेकांना पुस्तकंच देतात. एकच पुस्तक दोघांकडून आलं तर बदलता यावं, म्हणून मागे दुकानाची चिठ्ठी चिकटवलेली असते. मी अशाच एका दुकानात कामाला आहे. यंदा मी लिहिलेलं पहिलं पुस्तकही बाजारात आलं होतं, आईच्या आजारपणाच्या शेवटच्या वर्षावरचं.

सत्तावीस तारखेला दुकान उघडलं आणि तासाभरात परत आलेल्या ढिगात माझंच पुस्तक सगळ्यात वर. माझा उतरलेला चेहरा बघून शेजारच्या काउंटरवरची दाग्नी म्हणाली, "अगं वेडे, तोंड काय पाडतेस? घरोघरी दोन-दोन गेलंय म्हणून परत येतंय. मिरव की जरा!"

मला खरंच हुरूप आला. तेवढ्यात रांगेतून बाबा पुढे आले. हातात मीच दिलेलं पुस्तक, वरचं प्लास्टिकसुद्धा न फाडलेलं.

"काय बाबा, तुम्हालाही दोन आली?" मी हसत विचारलं.

"नाही गं पोरी, एकच." त्यांनी पुस्तक अलगद काउंटरवर ठेवलं.

 

"ह्यात तुझी आई शेवटी जाते ना? ती जात नाही, असं एखादं दे बदलून."